वाचकांचे प्रश्न: महाभियोग आणि घटनेतले ते बारके शब्द

गेल्या अंकात हायकोर्टाच्या न्यायाधीशांना पदावरून काढण्याचा विषय निघाला तेव्हा मी लिहिलं होतं की हा अधिकार संसदेचा आहे. त्यावर पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप एवढं आलंय की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. कोणी म्हणतं संसदेने मनावर घेतलं तर ती कोणालाही घरी पाठवू शकते, कोणी म्हणतं शेवटी कोर्टच सगळं हाणून पाडतं, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक घटनेतलं तेच वाक्य पुढे करतायत. माझं मत आधीच सांगून टाकतो. 'महाभियोग' हा भारदस्त शब्द जरा बाजूला ठेवा, सभागृहाच्या हातात नेमकं किती आहे ते 'एकूण', 'उपस्थित', 'सिद्ध' असल्या किरकोळ दिसणाऱ्या शब्दांवर ठरतं, आणि भांडणं झालीत तीही तिथेच.

सर, क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की राष्ट्रपती, सुप्रीम कोर्टाचे जज आणि मुख्य निवडणूक आयुक्त या तिघांवरही महाभियोग सारखाच चालतो. टेस्ट सिरीजमध्ये हेच लिहिलं तर मार्क कापले. नक्की काय धरायचं?
— एमपीएससीची तयारी करणारा विद्यार्थी, सदाशिव पेठ, पुणे

मार्क बरोबर कापलेत. नोट्स बदल.

महाभियोग हा शब्द घटनेने राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलाय, कलम ६१ मध्ये. न्यायाधीशांचं कलम १२४(४) उघडून बघ, तिथे तो नाहीच, तिथे 'पदावरून दूर करणे' आहे. पेपरवाले, चॅनेलवाले आणि खुद्द खासदारसुद्धा दोन्हीला महाभियोगच म्हणतात, मीही बोलताना म्हणतो, पण परीक्षेत म्हणू नकोस. फरक नुसत्या नावाचा असता तर मी एवढं ताणलं नसतं, पण कारणं वेगळी आहेत, तपास करणारे वेगळे आहेत आणि मतांचं गणित तर पार वेगळं आहे.

राष्ट्रपतींसाठी कारण एकच, 'घटनेचा भंग'. आरोप दोन्हीपैकी कुठल्याही सभागृहात ठेवता येतो, त्याआधी १४ दिवसांची लेखी नोटीस लागते, तिच्यावर त्या सभागृहाच्या निदान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या लागतात, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव मंजूर व्हावा लागतो, मग दुसरं सभागृह आरोपाचा तपास करतं किंवा करवून घेतं, आणि तिथेही पुन्हा एकूणच्या दोन तृतीयांश. इथे 'उपस्थित व मतदान करणारे' असली सवलत अजिबात नाही. लोकसभेच्या ५४३ चे दोन तृतीयांश म्हणजे ३६२, तेवढी डोकी 'हो' म्हणून मोजली गेली पाहिजेत, आजारी, परदेशात, रुसून घरी बसलेले सगळे आपोआप विरोधात धरल्यासारखेच. आजवर एकाही राष्ट्रपतीवर हे चाललेलं नाही.

न्यायाधीशांसाठी कारणं दोन, 'सिद्ध झालेलं गैरवर्तन' किंवा 'असमर्थता', आणि मतांच्या अटीही दोन, त्या पुढच्या उत्तरात सविस्तर येतायत. मुख्य निवडणूक आयुक्तांना न्यायाधीशासारख्याच रीतीने आणि त्याच कारणांवरून काढता येतं असं कलम ३२४(५) म्हणतं, म्हणजे त्यांचं नातं जजशी, राष्ट्रपतींशी नाही. बाकीच्या निवडणूक आयुक्तांना तेवढंही कवच नाही, त्यांच्यासाठी मुख्य आयुक्तांची शिफारस पुरते.

आणि उपराष्ट्रपती, जे नोट्समध्ये हमखास राहून जातात. कलम ६७ मध्ये त्यांना काढायला कारणच लिहिलेलं नाही! राज्यसभेत त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव आणि लोकसभेची संमती, झालं. 'त्या वेळचे' हा शब्द अधोरेखित कर. समज राज्यसभेच्या २४५ पैकी १० जागा रिकाम्या आहेत, तर उपराष्ट्रपतींसाठी २३५ चं बहुमत म्हणजे ११८ मतं पुरतात, पण त्याच दिवशी, त्याच सभागृहात, एखाद्या न्यायाधीशाचा ठराव आला तर तिथे एकूण सदस्यसंख्या धरायची म्हणून १२३ शिवाय भागत नाही. हे एक उदाहरण पाठ कर, आयोगाला असले प्रश्न फार आवडतात.

१९९३ ला रामस्वामींच्या ठरावाच्या वेळी मी दूरदर्शनवर बातम्या बघितल्याचं आठवतंय. विरोधात एकही मत पडलं नव्हतं असं वाचतो. मग ठराव पडला कसा? एकही माणूस 'नाही' म्हणाला नाही आणि तरी हरले?
— निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

हो गुरुजी, तसंच झालं. आणि या विषयात एकच प्रसंग नीट समजून घ्यायचा असेल तर तो हाच, म्हणून जरा लांबण लावतो.

न्या. व्ही. रामस्वामी पंजाब-हरियाणा हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानासाठी केलेली फर्निचर-गालिच्यांची खरेदी आणि इतर खर्च यांवरून आरोप झाले. तोवर ते सुप्रीम कोर्टात आले होते. नवव्या लोकसभेच्या १०८ खासदारांनी सह्या केल्या, अध्यक्ष रबी राय यांनी १२ मार्च १९९१ ला प्रस्ताव दाखल करून घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभा बरखास्त. सरकारचं म्हणणं, सभागृह गेलं तर प्रस्तावही गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथे कोर्टाने काय बघितलं, तर १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्यातलं वाक्य: प्रस्ताव दाखल करून घेतल्यावर अध्यक्षांनी तो 'प्रलंबित ठेवायचा' आणि समिती नेमायची. म्हणजे प्रस्ताव जिवंत राहतो तो सभागृहाच्या जिवावर नाही, कायद्याने ठेवलाय म्हणून. ऑक्टोबर १९९१ मध्ये कोर्टाने सांगितलं, प्रस्ताव शाबूत आहे.

मग तिघांची समिती, आणि तिच्यात मुंबईचा वाटा बराच होता. अध्यक्षस्थानी न्या. पी. बी. सावंत, आपल्या मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलेले, सोबत मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी. समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध धरले. मे १९९३ मध्ये लोकसभेत चर्चा आली, अध्यक्षाच्या खुर्चीत लातूरचे शिवराज पाटील, ठराव मांडणारे सोमनाथ चटर्जी, आणि न्यायाधीशांची बाजू सभागृहात उभं राहून मांडणारे वकील कपिल सिब्बल. चर्चा ऐकणाऱ्याला वाटावं की हे कोर्टच आहे.

११ मे ला मतदान. ठरावाच्या बाजूने १९६. विरोधात शून्य. आणि २०५ जण सभागृहात बसून तटस्थ, म्हणजे काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष.

आता घटनेतल्या दोन अटी लावून बघा. एक, उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. मत दिलं १९६ जणांनी आणि सगळे बाजूने, म्हणजे दोन तृतीयांश कसले, शंभर टक्के! तटस्थ बसलेले या हिशेबात धरतच नाहीत. दोन, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. तेव्हा लोकसभा ५४५ ची, म्हणजे किमान २७३ लागत होते. १९६ वर गाडी अडली.

घटनेत नुसतं 'उपस्थित व मतदान करणारे' असतं तर न्यायमूर्ती घरी गेले असते. अमेरिकेच्या सिनेटसारखं 'उपस्थित सदस्यांचे दोन तृतीयांश' असतं तर हजर ४०१, लागणार होते २६८, म्हणजे तरीही वाचले असते. लोक तेच, मतं तीच, आणि एका जागी शब्द बदलला की निकाल उलटा.

काहींचं म्हणणं असतं की 'एकूण सदस्यसंख्या' हा अडसर काढून टाका. मला ते पटत नाही. तो शब्द तिथे मुद्दाम आहे, नाहीतर एखाद्या शुक्रवारी दुपारी अर्धं सभागृह विमानतळाकडे निघालेलं असताना साठ-सत्तर जण मिळून सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश काढून टाकतील. १९९३ मध्ये वाईट काय झालं तर २०५ जणांनी त्या शब्दाचा आडोसा घेतला. न्यायाधीश निर्दोष वाटतात तर 'नाही' म्हणायचं होतं, भाषण करून म्हणायचं होतं, तसं करायची हिंमत एकाचीही झाली नाही. गप्प बसून जे साधलं ते 'नाही' म्हणून साधलं असतं, फक्त नाव रेकॉर्डवर गेलं असतं. रामस्वामी पुढे १९९४ मध्ये रीतसर निवृत्त झाले.

घटनेत 'सिद्ध झालेलं' गैरवर्तन म्हटलंय. मग खासदारांनी नोटीस देतानाच पुरावा द्यायला हवा का? २०१८ ला व्यंकय्या नायडूंनी याच मुद्द्यावर नोटीस फेटाळली ना? ते बरोबर होतं का?
— वकील, नागपूर

वकीलसाहेब, तुमच्या मनात उत्तर तयार आहे असं प्रश्नाच्या सुरावरून वाटतंय, पण विचारलंत तर सांगतो.

सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्ध राज्यसभेच्या खासदारांनी एप्रिल २०१८ मध्ये नोटीस दिली आणि सभापती नायडूंनी ती तीनच दिवसांत, २३ एप्रिलला, नाकारली. त्यांनी बोट ठेवलं ते नोटिशीच्या भाषेवर. तुम्ही स्वतःच 'असं झालं असावं', 'तशी शक्यता दिसते' असं लिहिताय, म्हणजे तुमचीच खात्री नाही, मग घटनेतल्या 'सिद्ध' शब्दापर्यंत तुम्ही पोचणार कसे, असा त्यांचा रोख. वाचायला मुद्दा जोरदार वाटतो.

पण शब्दांची ओळ बघा कशी लागलीये. १२४(४) म्हणतं, सिद्ध झालेल्या गैरवर्तनावरूनच काढता येईल. लगेच पुढे १२४(५) म्हणतं, त्या गैरवर्तनाचा तपास आणि ते सिद्ध कसं करायचं याचा कायदा संसदेने करावा. तो कायदा म्हणजे १९६८ चा, आणि त्यात सिद्ध करण्याचं काम समितीला दिलंय: एक सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, एक हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती, एक नामवंत कायदेतज्ज्ञ. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० जणांच्या सह्या ही नुसती दार वाजवण्याची फी आहे. दारातच 'आधी सिद्ध करून या' म्हटलं तर समिती नेमायची कशाला? माझ्या मते नायडूंनी शेवटच्या पायरीवरचा शब्द पहिल्या पायरीवर आणून ठेवला. त्यांच्या बाजूने एवढं मात्र मान्य करायला हवं की कायदा सभापतींना प्रस्ताव दाखल करून घ्यायचा 'किंवा नाकारायचा' अधिकार देतो, म्हणजे ते नुसते शिक्का मारणारे कारकून नाहीत, आणि उद्या कोणीही पन्नास सह्या गोळा करून प्रत्येक नावडत्या निकालावर नोटीस टाकायला लागला तर कोणीतरी चाळणी लावायलाच पाहिजे. चाळणी लावा की, पण ती आरोपात तथ्य दिसतं का एवढीच. खासदार सुप्रीम कोर्टात गेले होते, पण याचिका मागे घेतली, त्यामुळे हा वाद तसाच लटकत राहिला.

या 'सिद्ध' शब्दाने आणखी एक मोठं काम केलंय जे लोकांच्या लक्षात येत नाही. तो नसता तर संसदेला वाटलं तेच गैरवर्तन झालं असतं. तो असल्यामुळे प्रकरणाचे दोन तुकडे पडतात, समितीपुढचा भाग कोर्टासारखा, जिथे आरोपपत्र, साक्षीपुरावे, वकील सगळं असतं, आणि नंतरचा सभागृहातला भाग राजकीय. समितीने निर्दोष म्हटलं तर विषय तिथेच संपतो, लोकसभेत चारशे मतं खिशात असली तरी प्रस्ताव पुढे नेता येत नाही. उलट समितीने दोषी म्हटलं तरी सभागृह 'नाही' म्हणू शकतं, वर सातारच्या गुरुजींना सांगितलं तसं. म्हणजे संसदेला हा अधिकार आहे खरा, पण तो एका बाजूनेच पूर्ण आहे: सोडून द्यायचा पूर्ण, काढायचा अर्धा.

'गैरवर्तन' म्हणजे काय याची व्याख्या मात्र घटनेत कुठेच नाही. कलकत्ता हायकोर्टाचे सौमित्र सेन यांच्या प्रकरणात मूळ पैशाचा व्यवहार ते वकील असताना, कोर्टाने नेमलेले रिसीव्हर म्हणून केलेला होता, जज ते नंतर झाले. मग जज होण्याआधीचं वागणं जजचं गैरवर्तन धरायचं का? राज्यसभेने ऑगस्ट २०११ मध्ये १८९ मतांनी 'हो' म्हटलं. मला वाटतं बरोबर म्हटलं, कारण पैसे जज झाल्यावरही लगेच परत केले नव्हते आणि कोर्टापुढे दिलेली माहितीही आरोपात होती. लोकसभेत मतदान व्हायच्या आधीच सेन यांनी १ सप्टेंबरला राजीनामा दिला, आणि लोकसभेने विषय सोडून दिला.

काका, इथे ट्रंपच्या दोन्ही इम्पीचमेंटच्या वेळी ऑफिसात रोज एकच वाद, की काँग्रेस (इथली संसद) ठरवेल तेच 'हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स' (मोठे गुन्हे आणि गैरकृत्यं), कोर्ट काही करू शकत नाही. हे खरं आहे का? आणि आपल्याकडे कोर्ट मध्ये पडतं तर तिथे का नाही?
— न्यू जर्सीतल्या एक वाचक

हा वाद ऑफिसातल्यांनी काढलेला नाही गं, जुनाच आहे. १९७० मध्ये जेराल्ड फोर्ड, तेव्हा प्रतिनिधीगृहातले अल्पमतातल्या पक्षाचे नेते, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांच्या मागे लागले होते, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की त्या क्षणी प्रतिनिधीगृहाच्या बहुमताला जो गुन्हा वाटेल तोच महाभियोगाचा गुन्हा. चार वर्षांनी निक्सन गेले आणि हेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले. (निक्सनवर महाभियोग 'झाला' असं आपल्याकडे सर्रास लिहितात. नाही झाला, प्रतिनिधीगृहात मतदान व्हायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला.)

पण ज्यांनी ते शब्द लिहिले त्यांना फोर्डसारखं नको होतं. ८ सप्टेंबर १७८७, फिलाडेल्फिया. मसुद्यात तेव्हा 'देशद्रोह आणि लाचखोरी' एवढंच होतं. जॉर्ज मेसन उठले आणि म्हणाले हे अपुरं आहे, आणि उदाहरण कोणाचं दिलं तर वॉरन हेस्टिंग्जचं! तोच, ज्याच्या काळात इंग्रज-मराठा पहिलं युद्ध झालं आणि महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ ला सालबाईचा तह झाला. लंडनमध्ये त्याच वर्षी त्याच्यावर महाभियोग आणला जात होता, आणि मेसन यांचं म्हणणं, हेस्टिंग्जवरचा आरोप काही देशद्रोहाचा नाही, मग असले लोक आपल्या शब्दांतून सुटून जातील. म्हणून त्यांनी 'गैरकारभार' हा शब्द सुचवला. मॅडिसन यांनी अडवलं, इतका सैल शब्द घातला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटची मर्जी असेपर्यंतच खुर्चीवर राहील. मेसन यांनी तो मागे घेतला आणि इंग्लंडच्या संसदेत जुन्या काळापासून चालत आलेले 'हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स' घातले. हेस्टिंग्जचा खटला पुढे १७९५ पर्यंत चालला आणि तो सुटला, पण अमेरिकेच्या घटनेत हे शब्द येण्यामागे त्याच्या नावाचाही हात लागला.

म्हणजे मुद्दाम नाकारलेला शब्द समोर आहे. नुसता कारभार वाईट आहे म्हणून काढता येणार नाही, एवढं त्यातून निघतंच. फोर्ड म्हणाले ते घटनेचा अर्थ म्हणून चूक, पण व्यवहारात बरोबर, कारण चूक केली तर थांबवणार कोण? तिथे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते एका शब्दात आहे: 'सोल', म्हणजे 'फक्त'. महाभियोग आणायचा अधिकार फक्त प्रतिनिधीगृहाला, खटला चालवायचा अधिकार फक्त सिनेटला. जानेवारी १९९३ मध्ये यावर निकाल आला. निक्सन नावाचेच, पण वॉल्टर निक्सन, मिसिसिपीतले फेडरल जज, ग्रँड ज्युरीपुढे खोटं बोलल्याबद्दल तुरुंगात गेले आणि तिथे बसूनही राजीनामा देईनात, पगार चालूच! सिनेटने साक्षीपुरावे सगळ्या सभागृहापुढे न घेता एका समितीपुढे घेतले आणि मग मतदान करून काढलं. निक्सन यांचा युक्तिवाद असा की घटनेत सिनेटने 'ट्राय' करायचं म्हटलंय, म्हणजे अख्ख्या सिनेटने बसून खटला ऐकायला हवा. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, निक्सन यांची मागणी चालणार नाही, आणि रेंक्विस्ट यांनी लिहिलेल्या मुख्य निकालाचा सूर होता की 'सोल' म्हटल्यावर खटला कसा चालवायचा ते सिनेटच बघेल, आम्ही त्यात पडत नाही.

आणि योगायोग बघ, त्याच १९९३ मध्ये चार महिन्यांनी दिल्लीत रामस्वामींचं मतदान, तेही दोनेक वर्षं सुप्रीम कोर्टाच्या निकालांमधून वाट काढत आलेलं. आपल्या घटनेत 'फक्त' नाही, आपल्याकडे 'सिद्ध' आहे आणि 'कायद्याने' आहे. जिथे कायदा आला तिथे त्याचा अर्थ लावायला कोर्ट आलंच. मला स्वतःला आपली पद्धत जास्त भावते, जरी आपल्याकडे आजवर एकही न्यायाधीश या वाटेने प्रत्यक्ष गेलेला नसला तरी. अमेरिकेत निदान जज तरी निघतात.

ट्रंप यांच्या दुसऱ्या वेळचा वाद मात्र खरंच शब्दांचा होता. १३ जानेवारी २०२१ ला प्रतिनिधीगृहाने महाभियोग मंजूर केला तेव्हा ते पदावर होते, सिनेटमध्ये खटला उभा राहिला तेव्हा माजी झाले होते. एक बाजू म्हणे, घटनेत राष्ट्राध्यक्षाला 'पदावरून काढलं जाईल' लिहिलंय, जो पदावरच नाही त्याला काढणार काय? दुसरी बाजू म्हणे, शिक्षेत पुढे पद धरण्यावर बंदीसुद्धा आहे, ती माजीलाही लागू शकते, आणि सिनेटचा अधिकार 'सर्व' महाभियोगांचा आहे. त्यांच्या हाताशी १८७६ चा दाखला होता, युद्धमंत्री बेल्कनॅप यांनी प्रतिनिधीगृहाच्या मतदानाआधी काही मिनिटं धावपळ करत राजीनामा दिला, तरी सिनेटने खटला चालवलाच. २०२१ मध्ये सिनेटने ५६ विरुद्ध ४४ ने ठरवलं की आम्हाला अधिकार आहे, आणि शेवटी ५७ विरुद्ध ४३ वर ट्रंप सुटले, १०० हजर होते म्हणून ६७ लागत होते. ४३ पैकी किती जणांनी 'अधिकारच नाही' म्हणून विरोध केला आणि किती जणांनी 'दोषी नाही' म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत. ऑफिसात वाद घालायचा तर यावर घाल, इथे दोन्ही बाजूंना दम आहे.

राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाचा सल्ला धुडकावला तर तो 'घटनेचा भंग' होईल का?
— वाचक, कोल्हापूर

आज होईल. ४२ व्या दुरुस्तीपासून कलम ७४ मध्ये सल्ल्यानुसार वागणं बंधनकारक आहे, ४४ व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवायची मुभा दिली, परत तोच आला की सही करायची. किती दिवसांत करायची ते लिहिलेलं नाही, त्यामुळे कागद टेबलावर नुसता ठेवून देणं भंगात मोडतं का हा खरा अवघड प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ३६२ खासदार देतील तेच.

एक बारीक गोष्ट: राष्ट्रपती निवडताना आपले आमदार मत देतात, पण काढताना त्यांना विचारत नाहीत. उलट नामनियुक्त खासदारांना निवडताना मत नाही, पण काढताना आहे.

राज्यपालांवर विधानसभेला महाभियोग आणता येतो का? मागे इतका राडा झाला तेव्हा आमदार नुसते घोषणाच का देत बसले?
— वाचक, ठाणे

नाही आणता येत, म्हणून घोषणा. कलम १५६ म्हणतं राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, आणि राष्ट्रपतींची मर्जी म्हणजे व्यवहारात दिल्लीतल्या मंत्रिमंडळाची. मॅडिसन ज्या मर्जीला घाबरले ती आपण राज्यपालांच्या बाबतीत खुशाल लिहून ठेवलीये, फक्त सिनेटच्या जागी केंद्र सरकार. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सिंघल प्रकरणात एवढं सांगितलं की ही मर्जी लहरीप्रमाणे वापरता येणार नाही, केंद्रातलं सरकार बदललं म्हणून राज्यपाल बदलायचा असं चालणार नाही. त्याच वर्षी पुंछी आयोगाने सुचवलं होतं की ही मर्जीची भाषाच काढा आणि राष्ट्रपतींच्या धर्तीवर राज्यपालांना काढायचा अधिकार विधिमंडळाला द्या. घटनादुरुस्ती झालेली नाही. कुठल्याच पक्षाला दिल्लीत गेल्यावर ती करावीशी वाटत नाही, मुंबईत विरोधात असताना मात्र सगळ्यांना वाटते.

महाभियोगाने पद गेलेल्या माणसाला पुढे निवडणूक लढवता येते का?
— वाचक, मडगाव

आपल्याकडे न्यायाधीशांच्या कलमात तशी बंदी लिहिलेली नाही. अमेरिकेत काढणं आणि पुढे पद धरायला बंदी घालणं या दोन वेगळ्या शिक्षा आहेत, बंदीसाठी सिनेट वेगळं मतदान घेते, आणि ते घेतलंच नाही तर रस्ता मोकळा. फ्लोरिडातले फेडरल जज अ‍ॅल्सी हेस्टिंग्ज (या विषयात निक्सनही दोन आणि हेस्टिंग्जही दोन, मी काय करू) यांना १९८९ मध्ये सिनेटने काढलं, बंदीचं मतदान काही घेतलं नाही. १९९२ मध्ये ते निवडणूक जिंकून थेट प्रतिनिधीगृहात गेले, ज्या सभागृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला त्याच सभागृहात, आणि १९९८ ला क्लिंटन यांच्यावरचा ठराव आला तेव्हा तिथे सदस्य म्हणून बसलेले होते. २०२१ मध्ये वारले तोवर निवडून येत राहिले.